लॉगिन स्क्रीनवरचं दुसरं नाव

भूतबित मी कधी मानलं नाही, आजही मानतो असं म्हणणार नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नऊ वर्षं काढलीत... जे दिसतं त्याला कारण असतंच, असं धरून चालणारा माणूस. तरी हे लिहितोय.

आम्ही आजोबांपासून हैदराबादचेच. दिलसुखनगरला दुसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. मागच्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण, सुनंदाताई, नवऱ्याचं सिकंदराबादचं घर सोडून माझ्याकडे आली. डावा हात प्लास्टरमध्ये, पिशवीत दोन साड्या आणि चेपलेला लॅपटॉप. दाजींनी पाय दिला होता — आधी तिच्या हातावर, मग लॅपटॉपवर.

रविवारी दुपारी मी तो दुरुस्त करायला घेतला. स्क्रीन कशीबशी वाचली होती. कीबोर्ड मेला होता, तो काढून टाकला आणि वायरचा एक बाहेरून जोडला. डिस्क कोरी करकरीत बसवली, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. युजर एकच केला — सुनंदा.

पण लॉगिन स्क्रीन आली ती वापरताच येईना. अक्षरं एवढी प्रचंड की पासवर्डचा चौकोन स्क्रीनच्या बाहेर. असं होतं कधीकधी. टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर, जाऊन सेटिंग बदललं, रीस्टार्ट केलं. स्क्रीन नीट आली.

नावं मात्र दोन होती. सुनंदा. आणि खाली गिरीश — दाजींचं नाव.

मी कशालाही हात लावला नव्हता. 'गिरीश' आपोआप निवडलं गेलं आणि चौकोनात एकेक ठिपका पडू लागला. चुकीचा पासवर्ड. पुन्हा ठिपके, आता कुणी रागाने बटणं बडवावीत तसे. मी कीबोर्डची वायर उपटली. वायफाय जोडलेलंच नव्हतं. ठिपके थांबले नाहीत...

ताई माझ्या मागे उभी होती. तिसऱ्यांदा पासवर्ड चुकला आणि ती अगदी हळू म्हणाली, "मंदार, दार लाव. तीनदा चुकलं की तो मारायला उठतो."

उकाड्यामुळे दार सताड उघडं होतं. मी जागचा हललो नाही, तीच गेली. वरची कडी, खालची कडी. मिनिटभरात जिन्यावर बूट वाजले आणि दारावर पहिला घाव बसला.

दाजी लोखंडी सळई घेऊन आले होते. चौथ्या घावाला फळी फुटली. भोकातून हात आत आला, कडी चाचपू लागला. मी तो धरला, तर त्यांनी दुसऱ्या हाताने सळई आत खुपसली — माझ्या खांद्यात. भिंतीवर रक्त उडालं. ताईने स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि धड हाताने त्या बोटांवर घातला. पुन्हा घातला. हाडं मोडल्याचं मला ऐकू आलं. बाहेर दाजी गुरासारखे ओरडत होते. वरच्या मजल्यावरचे लोक धावत आले, पोलीस येईपर्यंत त्यांनी दाजींना दाबून धरलं.

हॉस्पिटलमधून आल्यावर पाहिलं, तर स्क्रीनवर एकच नाव. लॉगमध्ये, सिस्टिमच्या नोंदींत, मात्र तीन चुकलेले प्रयत्न, गिरीश नावाने. त्या नावाचा युजर सिस्टिममध्ये नाहीच. ऑफिसातले सीनियर म्हणाले, जुन्या डिस्कमधलं काहीतरी राहिलं असेल. जुनी डिस्क माझ्या कपाटात होती. मग म्हणाले, पुन्हा घडवून दाखव. दोनदा सगळं पुसून परत टाकलं. दोन्ही वेळा अक्षरं प्रचंडच आली, दुसरं नाव नाही.

तिसऱ्यांदा पुसायला बसलो तेव्हा ताईने लॅपटॉप माझ्या मांडीवरून उचलला. "नक्को रे, पुरे. मला मुलांची ऑनलाइन शिकवणी घ्यायचीय," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

केस चालू आहे. माझा खांदा अजून पुरता वर जात नाही. आणि कारण... ते मला आजही सापडलेलं नाही.