सतरा नंबरची बाटली

शिरूरच्या घरी माळ्यावर रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांचं एक खोकं आहे. बायको दर दिवाळीला ते भंगारात द्यायला काढते आणि मी परत वर चढवतो. त्यात सतरा नंबरची बाटली आहे.

भूजलातले क्षार आणि नायट्रेट हा माझा विषय. माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलं दौंड तालुक्यात गावोगाव फिरून बोअरचं पाणी गोळा करायची. त्यांतली एक कारेगावची, कंपनी कामगाराची मुलगी. बोलायची कमी, पण हट्टाला पेटली की कुणाचं ऐकायची नाही. तेव्हा मला त्याचा राग यायचा, आता त्याच हट्टाची आठवण येते.

त्यातल्या खुटबाव गावात शेतीची लाईट पहाटे यायची आणि आम्ही पोहोचेपर्यंत गेलेली असायची. म्हणून मी युक्ती काढली: बाटल्या आदल्या दिवशी घरोघर ठेवायच्या, मोटर चालू झाली की घरच्यांनी भरायच्या. हा शहाणपणा माझाच. सतरा नंबरची बाटली एका मावशींकडे होती. चहूकडे ऊस, खतांचा मारा, आणि त्यांच्या पाण्यात नायट्रेट औषधालासुद्धा नाही! मी हरखलो. जमिनीखाली नायट्रेट जिरवणारा थर असणार, असं ठरवून त्या मुलीला अख्खं प्रकरण लिहायला लावलं. तीन महिन्यांत प्रबंध द्यायचा होता आणि तिची कॉलेजातली नोकरी त्यावरच अडली होती.

एक दिवस ती टेबलासमोर येऊन उभी राहिली. "सर, काल मी परत खुटबावला गेले होते. सतरा नंबरचं पाणी बोअरचं नाहीच."

मावशींनी तिला सरळ सांगितलं होतं, "अगं, बोअरचं खारं हाय. पाव्हण्यांच्या बाटलीत तसलं भरून घराची लाज काढू व्हय? फिल्टरच्या जारमधलं भरलं."

मी भडकलो. तुला जायला कुणी सांगितलं, नोकरी घालवायचीय का, नाही नाही ते बोललो. ती म्हणाली, "जाऊ दे नोकरी. ते प्रकरण मी काढून टाकतेय, सर." तिचे डोळे भरले होते. ते मी पाहिलं आणि कागद चाळत बसलो.

आठवड्याने राग उतरला, तेव्हा मीच तिला घेऊन खुटबावला गेलो. मावशींनी जारमधल्या पाण्याचे दोन पेले पुढे केले. मी एका दमात रिकामा केला. तिने मात्र पेला हातात धरूनच विचारलं, "मावशी, तुम्ही घरात कुठलं पिता?"

"आमाला काय, बोअरचं. जार पाव्हण्यांपुरता."

त्या घरी मी चार वर्षं पाणी पीत होतो. हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. लाज वाटली, आजही वाटते.

त्या दिवशी मोटर चालू होईपर्यंत आम्ही ओट्यावर बसून राहिलो आणि बाटली तिने स्वतः भरली. नायट्रेट भरपूर निघालं, पिण्यालायक नाही इतकं. तो आकडा प्रबंधात जायच्या आधी ती मावशींना सांगून आली. ती नोकरी गेली, प्रबंधही वर्षभर लांबला.

आता ती दुसऱ्या कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात मला खुटबावला घेऊन गेली. मावशी थकल्यात, पण जारजवळ गेल्या आणि पेले भरून आणले. तीन होते.

"आधी तुम्ही प्या, मावशी," ती म्हणाली. त्या प्यायल्या, मग आम्ही प्यायलो.