हॉर्न उसना देण्याआधी

बिदरला आरटीओत गाड्यांच्या पासिंगच्या दिवशी आमच्या जीप-टेंपोंच्या रांगेत अण्णांची उघडी, दोन माणसांची, जुनी रेसची गाडी असायचीच. घरच्या गाडीला दरवर्षी पासिंग लागत नसे. "मग कामून येता, अण्णा?" विचारलं की म्हणायचे, "आपल्या गाडीची खोट आपल्याला दिसत न्हाई. दुसऱ्यानं बघावं."

साहेब हसत तपासायचे आणि ती दरवर्षी पास व्हायची. मग अण्णा तिचा हॉर्न काढून ज्याचा वाजत नाही त्याला पासिंगपुरता उसना द्यायचे. मात्र आधी त्याच्या गाडीपुढं थोडं लांब, हात मागं बांधून उभे राहायचे.

"चालव. माझ्यापाशी येऊन थांब."

एकदा राजेश्वर गावच्या जीपवाल्यानं हॉर्न मागितला. अण्णा पुढं जाऊन उभे राहिले. त्यानं इंजिन चालू केलं, पण जीप पुढं घेईना.

"अण्णा, जरा बाजूला व्हा की."

"कामून? रोज माणसं भरून न्यायलास न्हवं?"

अण्णा जागचे हलले नाहीत. जीपवाल्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि हॉर्न न घेताच जीप ढकलत रांगेबाहेर नेली.

मागं आम्ही सगळेच आपापल्या ब्रेकवर पाय दाबून बघत होतो.