विहिरीवर गेलेला गडी

करवतीनं दोन बोटं खाल्ली, तेव्हापासून सुताराला कुणी दारं-खिडक्या सांगेना. रिकामा बसून तो लाकडाचे फासे घासायला लागला आणि फाशांवरून त्याला खेळ सुचला. पटावर शेत, भट्टी, बाजार, विहीर. फासे हेच मजूर. पडेल त्या आकड्याप्रमाणे कामाला लावायचे. खेळण्यांच्या दुकानदारानं आज तो दुकानात मांडायला घेतला तर ठीक, नाहीतर उद्यापासून वखारीचं फाटक राखायचं, असं घरात ठरलेलं.

दुकानदाराची अट एकच. "आम्ही खेळताना तू तोंड उघडायचं नाहीस. गिऱ्हाईक डबा घेऊन घरी गेलं, की तू काय डब्यात बसून जाणार?"

दुकानाच्या मागच्या खोलीत पट मांडला. खेळायला दुकानदार, शेजारचा शिंपी आणि सुताराची वहिनी. सुतार कोपऱ्यात खोक्यावर.

वहिनीनं फासे टाकले. एका फाशावर एक पडला. शिंप्यानं नियमांचा कागद नाकाला लावून वाचलं, "एक पडला की गडी विहिरीवर."

"म्हणजे मी?" वहिनी म्हणाली. "घरी पाणी भरा, इथंही भरा!" आणि उठून पाण्याच्या पिंपाशेजारी जाऊन बसली.

सुतार खोक्यावरून अर्धा उठला. गडी म्हणजे तो फासा! तो एकटाच जायचा विहिरीवर, बाकीचे कामावर. पण बोलायची चोरी. त्यानं उरलेली बोटं मुठीत आवळली.

पुढच्याच डावात शिंप्याला एक पडला. तोही उठला. पटावर दुकानदार एकटा उरला.

"पट देखणा आहे," शिंपी पिंपाजवळून म्हणाला, "पण ही शाळेतली शिक्षा झाली."

"भावोजी, राग मानू नका," वहिनी म्हणाली. "नुसतं बसायला मला घरी जागा काय कमी आहे?"

दुकानदारानं डब्याचं झाकण जवळ ओढलं.

"अहो, गडी म्हणजे तुम्ही नव्हे! फासा!" सुतार ओरडलाच.

"बोललास," दुकानदार म्हणाला आणि झाकण लावायला गेला.

वहिनीनं येऊन डब्यावर हात ठेवला. "थांबा. म्हणजे माझे बाकीचे गडी कामावरच? आणि विहिरीवरच्यानं पाणी आणलं की भट्टी माझी? आधी कळतं, तर या शिंप्याला उपाशी मारलं असतं."

"मारा की. बसा," शिंपी पिंपाजवळून परत येत म्हणाला.

दोघं बसले. दुकानदार झाकण हातात धरून बघत राहिला. थोड्या वेळानं शिंपी चिडला, "माझे सहाचे पहिलवान भट्टीवर कोरडे उभे, आणि वहिनींचा मरतुकडा एक्का भाव खातोय!"

दुकानदार सुताराकडे वळला. "कागद बदललास तर मांडतो. गडी खोड, फासा लिही."

"नाही लिहिणार." सुतार पटापाशी आला. "फासा नुसता पडतो. काम गडीच करतो."

"मग खेळणाऱ्याला काय म्हणणार?"

"मालक म्हणा," वहिनी पटावरून नजर न काढता म्हणाली. "कागदावर तरी होऊ दे आम्हाला."

दुकानदारानं झाकण खाली ठेवलं, खुर्ची पुढं ओढली. "लिही, खेळणारा तो 'मालक'. आणि मधली माझी पाळी कुणी खाल्ली?"