एरंडेल काका आणि आमचा पहिला नंबर

एरंडेल काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, या माणसाच्या बुटाला काहीतरी लागलंय आणि त्याचा वास फक्त त्यालाच येतोय. नाक किंचित वर, ओठ एका बाजूला ओढलेले, डोळे अर्धे मिटलेले. महिन्याभरात कळलं की तो चेहरा कायमचाच आहे. पगाराच्या दिवशी तसाच, दिवाळीच्या मिठाईचा डबा हातात घेतानाही तसाच. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सगळ्या मराठी घरांत त्यांना एरंडेल काका म्हणत. शॉपमधली, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या विभागातली, हिंदी बोलणारी मंडळीही तेच म्हणायची, अर्थ न विचारता.

काका मूळचे ग्वाल्हेरचे. मोठमोठ्या विजेच्या मोटरींच्या पोटात जी तांब्याची वेटोळी बसतात, त्या कॉइलना टेप गुंडाळणारे ते कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर. मी पुण्याहून नुकतीच आलेली, चोवीस वर्षांची इंजिनिअर. मी त्यांची साहेब होते, म्हणजे कागदावर. ते मला मॅडम म्हणत, पण असं म्हणत की जणू जिभेवर माशी बसली आहे.

त्यांना खरी किळस होती ती गोड बोलण्याची. एकदा मोठे साहेब शॉप बघायला आले आणि मी स्वागताच्या भाषणात 'आपल्या मार्गदर्शनाखाली' असं तीनदा म्हटलं. साहेब गेल्यावर काका जवळ आले. "मॅडम, साहेब इथं वर्षातून एकदा येऊन राहिले, तेही पंख्याखाली उभे राहतात. मार्गदर्शन केव्हा केलं?" मी म्हटलं, असं म्हणायची पद्धत असते. "असते ना. शिंकताना रुमाल न धरायचीपण पद्धत असते काही लोकांची." मला त्यांचा भयंकर राग आला. मी चांगलं बोलते, हे मला शाळेपासून सगळ्यांनी सांगितलं होतं. बक्षिसं होती माझ्याकडे.

शॉपमध्ये डोक्यावरून क्रेन जायची, तेव्हा तिची घंटा अशी कर्कश वाजे की बोलणं अशक्यच. काका तेव्हा अर्ध्या शब्दावर थांबत आणि क्रेन पुढे गेली की उरलेला अर्धा शब्द पुरा करत. नवीन माणूस आला की काम शिकवायच्या आधी ते हेच शिकवत. "आवाज होऊन राहिला तर चूप. त्याच्यावर ओरडायचं नाही. थांबायचं, मग जिथं सोडलं तिथून धरायचं." सगळा शॉप तसाच बोलायचा. मी मात्र ओरडायची. मला थांबणं जमत नसे.

त्या काळी प्रत्येक शॉपमध्ये पाच-सहा जणांचा एक गट असे. आठवड्यातून एकदा बसून कामातली एखादी अडचण सोडवायची आणि वर्षाअखेरीस ती साहेबांपुढे स्टेजवर जाऊन समजावून सांगायची. गटातल्या प्रत्येकाने बोललंच पाहिजे, असा नियम होता. आमच्या गटात काका, मी, आणखी तिघे आणि रामरती. रामरती जवळच्या सोनागिरी वस्तीतून पायी कामाला यायची. काकांच्या शेजारच्या बाकावर वर्षानुवर्षं टेप गुंडाळत होती. आमची अडचण अशी, की कॉइलच्या वळणावर टेपला चुण्या पडायच्या आणि माल नापास व्हायचा. माझ्या डोक्यात परदेशी यंत्र मागवायचं होतं. रामरतीने टेपच्या रिळाला जुन्या सायकलच्या ट्यूबचा एक पट्टा आवळला. टेप एकसारखा ताणून येऊ लागला, चुण्या गेल्या.

तेव्हा उपाय सांगायचं काम तिचंच, असं काकांनी ठरवलं. ती घाबरली. पाचवीपर्यंत शिकलेली बाई, स्टेजवर कधी चढलेली नव्हती. काकांनी महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत तिची तयारी करून घेतली. तक्त्यावर काठी कुठे ठेवायची, मान कुठे वळवायची, सगळं. "रामरती, साहब लोग को नहीं बताना. ऐसे बोलना जैसे नई लड़की को काम सिखा रही हो." शेवटच्या आठवड्यात ती इतकी छान बोलायला लागली, की मला थोडा हेवाच वाटला. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी त्याला काळजी म्हणायचे.

मग कार्यक्रमाचा दिवस आला. सभागृहात सफारी घातलेले परीक्षक, टेबलावर झेंडूचे हार, समोशांच्या तेलाचा वास. माझी प्रस्तावना झाली, तिघांचं झालं, मग रामरतीने काठी हातात घेतली. चार वाक्यं सुंदर बोलली. तेवढ्यात परीक्षकांना चहा आला. कपबशा खणखणल्या, एक साहेब साखर मागायला मागे वळले, दुसरे शेजाऱ्याशी बोलू लागले. रामरती अर्ध्या वाक्यावर थांबली.

मला वाटलं, विसरली. पाच सेकंदही झाले नसतील. मी पुढे झाले, हसत हसत तिच्या हातातली काठी घेतली आणि तिचं उरलेलं भाषण मी केलं. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत, वर एक विनोदही केला. साहेब हसले, टाळ्या पडल्या. रामरती तक्त्याच्या कडेला हात जोडून उभी राहिली. आमचा पहिला नंबर आला. ढाल देताना साहेब माइकवरून म्हणाले, "मैडम ने क्या सँभाला!" आणि मी मान खाली घालून लाजले. मी लाजले, याची मला सगळ्यात जास्त शिसारी येते.

कार्यक्रमानंतर गटाला कॅन्टीनमागच्या बाकांवर बसवायचं, ही काकांची जुनी रीत. तिथे प्रत्येकाने आपली एक चूक सांगायची. दुसऱ्याची काढायची नाही. "आपली घाण आपण काढा," ते म्हणायचे. मी सर्वांत आधी बोलले. माझा आवाज जरा चढा लागला, म्हटलं, आणि बोलणं जरा जलद झालं. म्हणजे चूक सांगतानाही मी स्वतःचं कौतुकच करून घेतलं. मग तिघांनी आपापलं काहीतरी सांगितलं. मग रामरतीची पाळी आली.

"मुझे डंडी नहीं छोड़नी थी," ती म्हणाली.

मला कळेना. मी म्हटलं, "अरे, भूल गई तो क्या हुआ, होता है."

"भूली नहीं मैडम. साहब लोग की चाय आ गई थी ना. मैं रुकी थी."

काका माझ्याकडे बघत होते, आणि तो नेहमीचा चेहरा पहिल्यांदाच मला नेहमीचा वाटला नाही. ते म्हणाले, "आता माझी. मला दिसलं होतं ती का थांबली ते. मी मॅडमना अडवायला पाहिजे होतं. नाही अडवलं, कारण मी ढालीकडे बघून राहिलो होतो." मग त्यांनी हातातल्या कपातला चहा जमिनीवर ओतला आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमची पुन्हा एकदा घेऊ."

तेव्हा मी खरं बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी म्हटलं, "काका, पण पहिला नंबर आला की नाही?"

"आला," काका म्हणाले. "घेऊन जा घरी." आणि उठून गेले.

पुढच्या फेरीसाठी बाहेरगावी जायचं होतं. मी रामरतीला म्हटलं, या वेळी उपाय तूच सांगायचा, मी तोंड उघडणार नाही. ती म्हणाली, "नहीं मैडम, आप ही बोलो. आप बहुत अच्छा बोलती हो." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटले असते. त्या फेरीत ती स्टेजवर येऊन फक्त 'धन्यवाद' म्हणाली, नियमापुरतं. त्यानंतर तेही नाही. गटातून तिने नाव काढून घेतलं.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. निरोप समारंभात मी भाषण केलं नाही, एवढी अक्कल मला आली होती. गेटपर्यंत त्यांना पोचवायला गेले. अयोध्या नगरात त्यांनी लहानसं घर बांधलं होतं, तिथला पत्ता दिला. मग पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम न म्हणता सांगितलं, "अगं, तू वाईट नाहीस. तुला फक्त स्वतःचा आवाज फार आवडतो. त्या बाईला बोलतं कर. महिनाभर घासून मी तिला उभी केली होती, एका मिनिटात बसली ती. आता मी इथं नसणार. तू कर." मी हो म्हटलं. अगदी डोळ्यांत पाणी आणून हो म्हटलं. सहा महिन्यांत माझी पुण्याला बदली झाली आणि मी गेले.

परवा काका गेल्याचं कळलं. खूप वर्षांनी मी इतकी रडले. जुन्या डायरीतून शोधून, दोन-तीन ठिकाणी विचारून रामरतीचा नंबर मिळवला. तिने फोन उचलला आणि मी बोलत सुटले. काकांचा चेहरा, त्यांचा चहा, त्यांनी माझ्यावर केलेले उपकार, मला त्यांनी कसं घडवलं, सगळं. मध्ये नाक पुसलं आणि पुन्हा बोलले. पाऊण तास. ती "हाँ मैडम, हाँ" करत होती. शेवटी मी तिला धीर दिला आणि फोन ठेवला.

मग घोटभर पाणी पिताना लक्षात आलं. त्या माणसाच्या शेजारच्या बाकावर ती बावीस वर्षं बसली होती. मी दोन. आणि ते गेले, हे तिला कसं कळलं, ती शेवटी भेटली होती का, तिला काय वाटतंय, यातलं मी एक अक्षर विचारलं नव्हतं.

पुन्हा फोन लावावा म्हणून मी हात पुढे केला. आणि मनातल्या मनात, तिची माफी कशी मागायची, त्याची वाक्यं जुळवायला लागले. चांगली जमत होती. शी!