उजवीकडचा पाय

आमच्या सावळीरामकाकांसमोर "पाय मोडला" म्हणायची सोय नव्हती. "कोणाचा? तुझा की टेबलाचा?" असं विचारल्याशिवाय ते समोरच्याला पुढे बोलूच द्यायचे नाहीत. सिन्नर फाट्यावर त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं, आणि त्यांच्याकडे विनोद हा एवढा एकच. आम्ही पुतणे-पुतण्या तो ऐकून विटलो होतो, तरी हसायचो. कारण हसलं नाही तर ते पुन्हा सांगायचे.

त्यांचा एकुलता एक हर्षल सैन्यात होता. शहाण्णवच्या दिवाळीत सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, मला स्कीच्या संघात घेतलंय. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फावरून मैलोनमैल पळायचं. त्या पट्ट्यांच्या तळाला इस्त्रीने मेण चढवावं लागतं, आणि तिथे ते करायला धड टेबल नाही. काकांनी लगेच घडीची घोडी करायला घेतली. वर अरुंद फळी, पट्टी सरकू नये म्हणून खाचांचे ठोकळे, खाली बिजागऱ्यांवर दुमडणारे चार पाय. बर्फ काकांनी फक्त उसाच्या रसात पाहिलेला, तरी थंडीत लाकूड कसं आकसतं यावर त्यांनी पोराला भरपूर ऐकवलं. धोंडाबाईकाकूंनी जुन्या सतरंजीची पिशवी शिवली आणि हर्षल घोडी खांद्याला अडकवून गेला.

जानेवारीत वत्सलाबाई धापा टाकत आल्या. कोपऱ्यावर त्यांचा फोनचा बूथ होता, हर्षल तिथेच फोन करायचा.

"भाऊ, हर्षलचा फोन आला व्हता. खरखर लय होती. म्हणला, बाबांना सांगा, उजवीकडचा पाय मोडला, आता दुसरा बसवावा लागंल. रविवारी फोन करतो म्हणला आन् कट झाला."

काकूंनी लगेच अर्थ लावला. दुसरा बसवायचा म्हणजे पहिला कापला. बर्फात पाय काळे पडतात हे कोणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. हर्षलने दिलेल्या नंबरावर नुसती घंटी वाजत राहायची. मला तर त्यांच्या घरात शिरायचीच भीती वाटायला लागली, कारण दारातच हर्षलचे जुने बूट होते. दोन्ही.

 काकांनी हर्षलची पँट काढून टेप लावला आणि सागवानाचा एक सरळ तुकडा रंधायला घेतला.  आम्ही चहा घेऊन गेलो तर समोर कुबडी तयार होत होती.

"हे काय आरंभलंय?" काकू किंचाळल्या.

"बाजारातली काखेला टोचते," काका म्हणाले. मान वर न करता.

रविवारी आम्ही बूथवर जाऊन बसलो. घंटी वाजली तेव्हा काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी वाढली. काकांनी रिसीव्हर उचलला आणि कानाशी दाबून धरला. मग पुटपुटले, "पाय... पाय कोणाचा रे?"

तिकडून हर्षल खदखदून हसला. आम्हालाही ऐकू आलं.

"बाबा, पुरे झाला तो विनोद! घोडीचा, आणखी कोणाचा? जीपमधून काढताना पडली. इथे कोणाला जमत नाही, तुम्हीच दुसरा पाठवा."

"पाठवतो," काका म्हणाले आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. काकू रडत रडत वत्सलाबाईंना वाट्टेल ते बोलल्या आणि मग त्यांच्याच गळ्यात पडल्या.

काकांनी कुबडीचा दांडा कापून त्यातूनच घोडीचा पाय काढला. पार्सल गेलं. तो पाय आधी काय होता, हे हर्षलला कोणीच सांगितलं नाही. काखेखालचा आडवा तुकडा उरला. लाकूड वाया घालवणं काकांच्या जिवावर यायचं, म्हणून त्यांनी तो फळीवर ठेवला. काकूंनी तो उचलून बंबात घातला आणि राख होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

"कोणाचा?" हे काका पुढेही विचारायचे. फक्त उत्तर येईपर्यंत त्यांच्या हातातला रंधा थांबलेला असायचा.