खुशालरावांच्या खोलीची फरशी

खुशालरावांच्या एका खोलीला फरशी बसवायला किती खर्च आला, हे त्या वर्षी अकोल्यात बऱ्याच जणांनी बऱ्याच जणांना विचारलं. आकडा ऐकून माणसं आधी हसत आणि मग गवंड्याला शिव्या देत. गवंडी पुंजाजी बिचारा नाहक बदनाम झाला. त्यानं काम चोख केलं होतं. तीनदा केलं आणि तिन्ही वेळा चोख केलं.

दोष खुशालरावांच्या जिभेचा होता. ती नको तिथं नरम पडायची. अकोटच्या जिनिंगमध्ये ते वजनकाट्यावर कारकून होते, तेव्हाची गोष्ट आहे. एक गाडीवाला म्हणे, माझा कापूस आधी. खुशालराव म्हणत, हो. दुसरा म्हणे, माझाच आधी. त्यालाही हो. मग दोघं एकमेकांच्या उरावर बसले की हे हळूच चहाला निघून जात. भीड ही भिकेची बहीण, असं त्यांची बायको पार्वताबाई त्यांना उठता-बसता सुनावायची. तेव्हाही ते "खरं हाये तुह्यं" एवढंच म्हणत. भांडायला समोरचा नको का तयार व्हायला!

नोकरी संपल्यावर त्यांनी अकोल्यात घर बांधलं. मागच्या अंगणात भाड्यासाठी एक वेगळी खोली काढली. अंगणात विहीर, विहिरीवर रहाट, कडेला कडुनिंब. सत्तावन्न साली ती खोली बघायला धर्मपाल आला. तालुका कचेरीतला तरणा कारकून, सोबत म्हातारी आई, चतुराबाई. त्यानं लपवाछपवी केली नाही. आदल्याच वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्याचं त्यानं आधी सांगितलं आणि मग सरळ विचारलं, "काकाजी, आमी बौद्ध हाओ. चालन का तुमाले?"

"कावून नाई चालणार?" खुशालराव म्हणाले.

असं विचारल्यावर दुसरं काय म्हणणार? पण म्हटल्यावर त्यांना स्वतःचंच मोठं कौतुक वाटलं. दोन दिवस ते छाती काढून हिंडले.

चतुराबाईंनी खोलीत पाऊल टाकलं आणि महिन्याभरात त्या खोलीचं रूप पालटलं. जमीन मातीचीच होती, उंदरांनी पोखरलेली. बाईंनी खड्डे बुजवले, बडवलं, शेणानं सारवलं, कडेनं पांढऱ्या मातीचा पट्टा ओढला. पार्वताबाई स्वतः हाताच्या चांगल्या. त्यासुद्धा एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "चतुराबाई, तुमच्या जमिनीवर त बोटही उमटत नाई वो!" मग दोघींच्या लोणच्याच्या वाट्या अंगणातून इकडून तिकडे जायला लागल्या.

हे सगळं सुखानं चाललं असतं. पण पार्वताबाईंचा थोरला भाऊ पंजाबराव अकोटहून आला. सकाळी तोंड धुवायला अंगणात गेला, तर रहाटावर चतुराबाई पाणी ओढत होत्या. त्या कोण, हे त्यानं विचारलं आणि भरलेला तांब्या तसाच ओतून दिला.

"खुशालराव, हे बाई इथून गेल्याबिगर मी तुमच्या घरचं पाणी पेणार नाई," तो म्हणाला. "खोली रिकामी करा. माह्या वळखीचा माणूस हाये, मी त्याले शब्द देतो."

हे घर बांधताना पंजाबराव महिनाभर उन्हात उभा राहिला होता. आता त्याला तोंडावर 'नाही' म्हणायचं म्हणजे खुशालरावांना फाशी जाणं सोपं. ते म्हणाले, "हो, पाहतो."

पंजाबराव गेला. आता धर्मपालला 'निघ' म्हणायचं. तेही तोंडातून निघेना. चार दिवस खुशालराव अंगणात जायचे आणि कडुनिंबाखाली खाकरून परत यायचे. पाचव्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. माणसाला नीतीची वाट दिसत नाही, पण आडवाट अंधारातही सापडते.

"धर्मपाल, खोलीले फरशी बसवाची म्हणतो," ते म्हणाले. "शहाबादी. पंधराएक दिवस तुमाले दुसरीकडं राहावं लागन."

चतुराबाई आतून बाहेर आल्या. "कायले फरशी? माह्या जमिनीले काय झालं?"

"तसं नाई. किती दिवस सारवान आता? वय झालं तुमचं. तुमच्यासाठीच करून राहिलो."

हे वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण खोटं बोलणाऱ्याला ते गोड करून बोलायची खोड असते. चतुराबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आमच्यासाठी फरशी अजून कोनं केली नव्हती, भाऊ." दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून सामान बांधून रेल्वेलाइनीपलीकडे भाचीच्या ओसरीत राहायला गेल्या. जाताना खोली सारवून गेल्या. उखडायची जमीन कुणी सारवून जातं का? पण त्या गेल्या.

खुशालरावांचा बेत असा होता की पंधरा दिवस जातील, धर्मपालला दुसरी खोली मिळेल, आणि काही बोलावंच लागणार नाही. त्यांनी पुंजाजीला बोलावलं. पुंजाजीनं दोरी लावून खोली मोजली आणि सांगून टाकलं, "काळी माती हातभर काढा लागन मालक, नाही त बरसातीत फुगते अन् दगड उचलते. मुरूम, चुना, फरशी, माही मजुरी, सारं ऐंशी रुपयांत बसवतो." भाव वाजवी होता. घरमालकानं तेवढे द्यावेत आणि गप्प बसावं.

पुंजाजीनं दहा दिवसांत फरशी बसवून दिली. आणि धर्मपालला खोली मिळाली नव्हती. कशी मिळणार? त्याला 'कावून नाई चालणार' म्हणणारा अकोल्यात दुसरा भेटत नव्हता. तो रविवारी आला आणि दारातून म्हणाला, "काकाजी, झाली का फरशी?"

खोलीचं दार लोटलेलं होतं. खुशालराव घाईनं दारासमोर आडवे आले. "झाली, पण जमली नाई. मुरूम दबून राहिला. काढून पुन्हा करा लागन."

तोंडातून शब्द गेला, मग तो खरा करणं आलं. दुसऱ्या दिवशी पुंजाजीला बोलावून त्यांनी धडधाकट फरशी उखडायला सांगितली. पुंजाजीनं दगडावर पाण्याचा तांब्या ठेवून दाखवला. "पाहा मालक, पाणी तरी हालते का? कोनत्या आंधळ्यानं सांगतलं तुमाले?" खुशालराव म्हणाले, "तरी पण कर." काढताना दगड फुटले, नवे आणावे लागले. चुना पुन्हा, मजुरी पुन्हा. पुढच्या रविवारी, नवे दगड बसायच्या आधीच, त्यांचा रंग एकमेकांशी जुळत नसल्याचं निघालं. मग मालधक्क्यावर दगडांची वॅगन आली नसल्याचं निघालं. ऐंशीचे दोनशे झाले. बाजारात लोक विचारायचे, "खुशालराव, फरशी बसवून राहिले का राजवाडा?" खुशालराव हसायचे आणि घरी येऊन जेवण टाकायचे.

त्यांना पैशाचं दुःख नव्हतं. उलट पैसे देताना जरा बरं वाटायचं, दंड भरल्यावर वाटतं तसं. पण दंड ज्याला द्यायचा त्याला मिळतच नव्हता. तो पुंजाजीच्या खिशात जात होता. रविवार उजाडला की ते सकाळपासून नवी सबब जुळवत बसायचे.

"सांगून टाका ना एकडाव," पार्वताबाई म्हणायच्या. "नाही त ठेवून घ्या त्याईले. माह्या भावाचं मी पाहतो."

"पाहतो," खुशालराव म्हणायचे.

चैत्र लागला. दुसऱ्यांदा बसवलेली फरशीही खुशालरावांनी उखडवली. मुरूम पुन्हा दबल्याची बातमी धर्मपालनं ओसरीत नेऊन सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई पदर खोचून अंगणात हजर.

"भाऊ, तुमाले लय तरास झाला आमच्यापायी," त्या म्हणाल्या. "आजकालचे गवंडी हात राखून काम करतात. धुमस कोठी हाये? मुरूम मी ठोकून देतो. मी ठोकलेली जमीन कधी दबली नाई."

खुशालरावांनी नको नको म्हटलं, पण का नको ते सांगता येईना. चतुराबाईंनी लाकडी धुमस उचलला. साठीची बाई, अंगावर मांस नाही. धुमस दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायचा आणि आपटायचा, पाणी शिंपायचं, पुन्हा उचलायचा. बाहेर ऊन तापलेलं, आत मुरमाची धूळ. खुशालराव आपल्या ओसरीवर बसून तो आवाज ऐकत होते. कान झाकावे, तर पार्वताबाई बघत होत्या. आपण किती हलके आहोत हे त्यांना त्या दिवशी पुरतं कळलं, आणि कळूनही ते बसूनच राहिले.

दुपारी पार्वताबाईंनी घरातल्या पितळी पेल्यात ताक भरलं आणि चतुराबाईंच्या हातात दिलं. परत येऊन त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "तिच्या हातावर फोड आले हायेत. आता त सांगा."

खुशालराव उठले, खोलीच्या दारापर्यंत गेले. चतुराबाईंनी त्यांना बघून कपाळावरचा घाम पुसला. "बरं झालं आले. चुलीची जागा सोडा लागन ना? दगडावर चूल ठेवली त दगड तडकते. त्या खिडकीखाली सोडाले सांगा पुंजाजीले, धूर बाहेर जाईन."

"सांगतो," खुशालराव म्हणाले.

आणि सांगितलंही. पुंजाजीनं खिडकीखाली चुलीपुरती जागा सोडून तिसऱ्यांदा फरशी बसवली. या खेपेला कुरापत काढायची हिंमत खुशालरावांना झाली नाही. ज्या मुरमावर त्या बाईचे हात सोलले होते, तो आता कोणत्या तोंडानं उकरायचा?

रविवारी धर्मपाल आला तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. तो आत जाऊन उभा राहिला. मग बाहेर आला.

"फरशी त झाली, काकाजी. आता काय बाकी हाये?"

खुशालराव कडुनिंबाकडे बघत राहिले. धर्मपाल कचेरीतला माणूस. अडवून ठेवलेला कागद त्यानं रोज पाहिलेला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"समजलं मले," तो म्हणाला. "मले लवकर समजाले पाह्यजे होतं. पण मायले मी सांगणार नाई. ते रोज भाचीले सांगते, खुशालभाऊ आमच्यासाठी फरशी करून राहिले. तिले तुमी सांगा. एवढं काम तरी तुमच्या तोंडानं होऊ द्या."

तो गेला. खुशालराव दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. एकदा वाटलं, खोली देऊन टाकावी, पंजाबरावला काय करायचं ते करू दे. अर्ध्या तासानं वाटलं, शब्द गेलेला आहे. पुन्हा वाटलं, कोणता शब्द? आधी गेलेला की नंतर गेलेला? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टोपी घातली आणि रेल्वेलाइन ओलांडली.

भाचीच्या ओसरीत चतुराबाई बसल्या होत्या. शेजारी सामान बांधून तयार होतं. त्यावर त्यांनी चुलीसाठी थापून वाळवलेले मातीचे तीन नवे गोळे फडक्यात गुंडाळून ठेवले होते. खुशालरावांना बघून त्या लगबगीनं उठल्या. "गाडी आणली का? या, बसा, च्या पेता का?"

खुशालराव बसले नाहीत. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं होतं. चतुराबाई, माझं चुकलं, खोली तुम्हाला देता येत नाही. एवढंच. त्यांनी तोंड उघडलं.

"फरशी," ते म्हणाले. "फरशी पुन्हा उचलली, चतुराबाई."

"उचलली? सारी?"

"सारी नाई. त्या... त्या आतल्या कोपऱ्यातली."

चतुराबाईंनी आपले तळहात पाहिले. फोड फुटून तिथं कातडं काळं पडलं होतं. "तिथीच," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी तिथी माहा हात कमी पडला. दम लागला होता, म्हणलं होईन एवढ्यानं. माहीच कसूर हाये, भाऊ. तुमचा पैसा वाया घालवला मी. चाला, आत्ताच ठोकून देतो."

"अवो, आज नको..."

पण त्या ओसरी उतरल्यासुद्धा. पुढे चतुराबाई, मागे खुशालराव. लाइन ओलांडली, मालधक्का मागे पडला, बाजार आला. खुशालराव तीनदा म्हणाले, "चतुराबाई, ऐका ना." तीनदा त्या न थांबता म्हणाल्या, "तुमी फिकीर नका करू." घर आलं. त्यांनी अंगणातला धुमस उचलला आणि तशाच खोलीत शिरल्या.

आतल्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी दगडावर टाच आपटली. मग शेजारच्या दगडावर. खाली बसून सांध्यांवरून बोट फिरवलं. मग उठून एकेका दगडावर पाय देत त्या साऱ्या खोलीभर फिरल्या. काही हलत नव्हतं, काही वाजत नव्हतं. खुशालराव दाराबाहेर उभे होते. पार्वताबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

चतुराबाईंनी धुमस भिंतीला टेकवून ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही.

"केवढा खर्च केला, भाऊ! तोंडानं 'जा' म्हणलं असतं, त फुकटात झालं असतं."

त्या बाहेर आल्या. पार्वताबाईंच्या खांद्याला त्यांनी जाता जाता हात लावला. मग खुशालरावांसमोर थांबल्या.

"पैशाचं तुमचं तुमी पाहा," त्या म्हणाल्या. "पण वाटभर मी माह्या हातालेच दोष देत आली."

एवढं बोलून त्या उत्तरासाठी उभ्या राहिल्या. खुशालराव त्यांच्याकडे बघत होते. साऱ्या जन्मात पहिल्यांदा त्यांना एकही निमित्त सुचलं नाही.