चौथा हिस्सा

जुन्या कपड्यांवर भांडी देत मी धंदा उभा केला. डोक्यावर पाटी घेऊन आगाशीपासून विरारपर्यंत दारोदार फिरले. त्या कमाईतून चंदनसारला रस्त्यालगत दुकानासाठी जागा घेतली. नव्वदच्या दशकात सरकारने विकासाचा नकाशा काढला आणि माझ्या जागेवर हिरवा रंग फासला. म्हणे, इथे बाग होणार.

हरकत असणाऱ्यांची सुनावणी वसईला होती. मी एकटी गेले. शेजारच्या जागेवरही हिरवा रंग होता. तिचे मालक मास्तर चाळीस माणसं घेऊन आले होते. मला हसू आलं. सौद्याला कुणी वरात आणतं का?

"बोला बाई," साहेब म्हणाले.

"सगळी कशी देऊ साहेब? चौथा हिस्सा घ्या."

आता त्यांनी अर्धा मागायचा, मी रागावून दाराकडे निघायचं, त्यांनी हाक मारायची. पण त्यांनी मुकाट्याने लिहून घेतलं आणि कागद पुढे सरकवला. "सही करा."

पहिलाच भाव मान्य झाला म्हणजे आपण बुडालो.

"अहो, तो बोलण्यातला भाव होता."

"इथे भाव नसतो बाई. हरकत असते, नाहीतर संमती. सही नसेल करायची, तर सगळीच जागा बागेत राहील."

मी सही केली. मास्तर उठून एवढंच म्हणाले, "काही देणार नाही." मागून चाळीस जण म्हणाले, "नाही."

पक्का नकाशा आला तेव्हा मास्तरांची जागा कोरी होती. माझा चौथा हिस्सा गेला, तोही रस्त्याकडचा. कुठला चौथा, हे मी बोललेच नव्हते. दुकान बागेच्या मागे झाकलं जाणार होतं. मी तडक मास्तरांचं दार वाजवलं.

"तुम्ही अक्कल घेऊन गेलात बाई, मी माणसं नेली," ते म्हणाले. "लोकशाहीत डोकी मोजतात."

"माझं डोकं नव्हतं का?"

"एकच होतं."

बागेचा पट्टा मागे सरकवण्यासाठी मग मी सह्या गोळा केल्या. सरकारने ऐकलं आणि दुकान पुन्हा रस्त्यालगत आलं. मागचा तुकडा अजून ओसाड आहे, बागेचं एक झुडूपही लागलेलं नाही. तो राग आहेच. पण सह्या फुकट मिळाल्या नाहीत. पाटीच्या दिवसांतलं माझं प्रत्येक गिऱ्हाईक सगळं लक्षात ठेवून बसलं होतं.

"सही करीन," एक म्हातारी म्हणाली, "पण माझ्या जरीच्या साडीवर तू मला चहाची गाळणी दिली होतीस."

मी पातेलं काढलं. तिने ते उलटं करून बूड वाजवून पाहिलं, त्याच्याहून मोठं मागून घेतलं, आणि मग सही केली.